'रन'चे अर्थ : 'निर्भीड' यांना उत्तर

'निर्भीड' यांस,

इंग्रजीतल्या 'रन' या क्रियापदाला ऑक्सफर्डच्या कोशात ६४५ अर्थ आहेत, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं सावकाश वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातला ऐवज थोडक्यात देतो. तुमच्या मते 'रन'ला ६४५ अर्थ नाहीतच. "पायांनी धावणे हा एकच अर्थ, बाकी सगळी त्याचीच लाक्षणिक रूपं, हे अकरावीच्या पोरालाही कळतं." आकडा निघाला तो कोशकाराच्या कात्रीतून, दुसऱ्या संपादकाने निम्मेच तुकडे पाडले असते. मराठीतला 'लागणे' मोजला तर तोही मागे राहणार नाही. तुलनेला घेतलेल्या 'सेट' या दुसऱ्या इंग्रजी क्रियापदाच्या ४३० अर्थांचं साल मी दिलेलं नाही. आणि जाता जाता, "नेटवरून आकडा उचलायचा आणि लेख पाडायचा, चालू द्या."

चालू द्यायची परवानगी दिलीत, आभारी आहे. तिच्यावाचूनच अडलं होतं.

मतभेदाला माझी हरकत नाही, कधीच नव्हती. पण तुमचा मुद्दा अकरावीच्या पोराला मध्ये न आणता मांडता आला नसता का? मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो. चूक निघाली तर ती माझ्या नावावर लागते. टोपणनावाआडून निर्भीड होणं त्या मानाने स्वस्त पडतं.

सालाचं मात्र तुमचं बरोबर. ४३० हा आकडा ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतला. लेखात साल घातलं आहे. त्याच ओघात हेही सांगून टाकतो की कोशातल्या सर्वांत मोठ्या नोंदीची 'सेट'ची गादी थेट 'रन'कडे आली नाही. तिसऱ्या आवृत्तीचं काम २०००मध्ये 'एम' अक्षरापासून उघडं झालं, तेव्हा आधी 'मेक' वर गेलं, मग 'पुट', आणि २०११च्या सुमारास 'रन'. हे तुम्ही विचारलं नव्हतं. तरी असू द्या.

'उचललेल्या' आकड्याबद्दल. हो, उचलला. मग काय घरी बसून मोजायचा? ऑक्सफर्डच्या कोशातली 'रन'ची नोंद पीटर गिलिव्हर या कोशकाराने लिहिली. एका क्रियापदापायी त्याचे नऊ महिने गेले आणि ६४५ ही मोजणीही त्याचीच. त्याच्यावर विसंबणं ही उचलेगिरी असेल तर मी उचल्या.

आता ते वाक्य. पायांनी धावणे हा एकच अर्थ, बाकी लाक्षणिक.

अहो, पाय आधी आले हे तुम्हाला कोणी सांगितलं? जर्मनमध्ये आजही दोन क्रियापदं शेजारी शेजारी नांदतात : 'रिनेन' म्हणजे पाणी ओघळणं, वाहणं, आणि 'रेनेन' म्हणजे धावणं. यातलं धावण्याचं 'रेनेन' हे मुळात वाहण्याच्या 'रिनेन'चं प्रयोजक रूप, म्हणजे 'वाहता करणे' या धर्तीचं. इंग्रजीत ही दोन्ही भावंडं काळाच्या ओघात एकाच 'रन'मध्ये मिसळली. त्यामुळे नळ 'रन' होतो, नाक 'रन' होतं, कपड्याचा रंग 'रन' होतो, यात कुणी धावणाऱ्या माणसाची उपमा पाण्याला दिलेली नाही. वाहणं तिथे पहिल्यापासून घरचंच आहे. लक्षणा शोधायचीच तर उलट्या दिशेने शोधा.

एवढ्याने भागत नसेल तर दूध घ्या. जुन्या इंग्रजीत दूध साकळण्यालाही याच कुळातलं क्रियापद होतं, आणि चीज करताना दुधात घालतात त्या 'रेनेट'चा उगमही तिथलाच. दुधाचे कण एकत्र येऊन गोठतात, त्यात पाय कुठले? हे एक मला समजावून सांगाच.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण 'नेटवरून' या शब्दाने तुम्ही ते ओढवून घेतलं आहे. माझी नोकरी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत झाली. शब्दकोश हाती यायच्या आधी 'रनर' माझ्या हाती आला. साच्यात वितळलेलं लोखंड ज्या वाटेने आत जातं तो रनर. लोखंड साचा भरायच्या आतच थिजलं तर त्या दोषाला 'मिसरन' म्हणतात आणि तो जॉब सरळ भंगारात जातो. आमच्या ओतकाम्यांपैकी कित्येकांनी दहावीही पाहिलेली नव्हती, पण रनर म्हणजे वाहण्याची वाट हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही.

शेजारच्या मशिनशॉपमध्ये आणखी गंमत. तिथे शाफ्टला डायल लावून 'रनआउट' बघायचे. शाफ्ट फिरताना किती हलतो त्याचं माप ते. सुपरवायझर ओरडायचा, "रनआउट किती?" आतून उत्तर यायचं, "दोन!" मॅच बाहेर रेडिओवर चालू असायची, तिथेही रनआउट व्हायचेच, पण कुणाचा घोटाळा झाल्याचं मला आठवत नाही. सुताराचा नुसत्या लांबीचा 'रनिंग फूट' वेगळा, कंत्राटदाराचं काम चालू असतानाचं 'रनिंग बिल' वेगळं. पुढे मी परदेशी यंत्रांच्या पुस्तिकांची भाषांतरं करायला लागलो. पंपावर इंग्रजीत 'रन' घालून लिहिलेलं असायचं, त्याचं 'पंप कोरडा चालवू नये' करायचं. केबलसाठी तेच क्रियापद आलं की 'केबल या बाजूने टाकावी'. इंजिनसाठी आलं की 'सुरुवातीचे तास बेताच्या वेगात वापरावे'. प्रत्येक ठिकाणी 'धावणे' लिहून बघा आणि ते पान फिटरच्या हातात द्या. तो तुमचं काय करील ते मी इथे लिहीत नाही.

म्हणजे हे अर्थ वेगळे आहेत की नाहीत, हे मी पुस्तकातून नाही, त्या पानांवरून ठरवलं. ज्यांनी असं एक पान कधी केलं नाही त्यांनी 'एकच अर्थ' म्हणावं, म्हणायला पैसे पडत नाहीत.

कोशकाराच्या कात्रीचा मुद्दा राहिला. तो लांबचा विषय आहे, सगळ्याच कोशांना लागू पडतो, त्यामुळे एकट्या 'रन'बद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. नंतर कधीतरी बघू. 'लागणे'चं म्हणाल तर जरूर मोजा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, मला सगळं माहीत आहे. पण माझा लेख इंग्रजी शब्दावर होता. 'लागणे'वर तुम्ही लिहा, मी येऊन वाचीन आणि खाली सभ्य भाषेत प्रतिक्रियाही देईन.

तुमचं लिहिलेलं मी उडवलेलं नाही. 'रेनेट'बद्दल काही म्हणायचं असेल तर तेही तसंच राहील. माझ्या वाचनाबद्दल किंवा अकलेबद्दल असेल, तर मात्र उडवीन.