खुलासा : जास्त पडदे म्हणजे जास्त सुरेल गिटार नव्हे

सप्तकाचे २४ समान भाग करणारे पडदे (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) असलेल्या गिटारवर कोणतेही लोकप्रिय गाणे आपोआप अधिक सुरेल वाजते, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांमधले अंतर मोजण्याचे एकक) धरले, तर नेहमीच्या, १२ भागांच्या गिटारवर शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो, नैसर्गिक, म्हणजे कानाला पूर्ण जुळणारा गांधार सुमारे ३८६ वर असतो, आणि २४ भागांत त्याच्या आजूबाजूला ३५० व ४०० हेच पडदे मिळत असल्याने तो तसूभरही सुधारत नाही. ३१ भागांत गांधार ३८७ वर छान बसतो, पण पंचम नैसर्गिक ७०२ ऐवजी ६९७ वर उतरतो. एक सांधावे तर दुसरे उसवते. शिवाय पडद्यांची दाटी झाल्याने ओळखीच्या कॉर्डसाठीही बोटे नव्याने बसवावी लागतात.