केली, रोग्लिच आणि आठवडाभराच्या शर्यती : एका प्रतिक्रियेला उत्तर

आठवडाभराच्या शर्यतींमधल्या थोर सायकलपटूंचा मी लावलेला क्रम तुम्हाला पटला नाही. शॉन केली पहिला, प्रिमोझ रोग्लिच दुसरा, आणि एडी मर्क्स पहिल्या तिघांतही नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: केलीने पॅरिस–नीस ही एकच शर्यत घोकून सात वेळा जिंकली, रोग्लिचने सहा वेगवेगळ्या जिंकल्या, मर्क्सला खाली ठेवणं हा अन्याय आहे, आणि मुळात या शर्यती म्हणजे टूर द फ्रान्सची रंगीत तालीम, तिथल्या विजयाचं एवढं कौतुक कशाला. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तालीम करणारा माणूस दोन सेकंदांसाठी जीव काढत नाही. मार्चमध्ये होणाऱ्या पॅरिस–नीस या फ्रेंच शर्यतीची लागोपाठ तीन वर्षं बघा. २०१६ मध्ये गेरेंट थॉमसने अल्बेर्तो कोन्तादोरला ४ सेकंदांनी हरवलं, २०१७ मध्ये सर्जियो एनाओने त्याच कोन्तादोरला २ सेकंदांनी, आणि २०१८ मध्ये मार्क सोलेरने सायमन येट्सला पुन्हा ४ सेकंदांनी. कोन्तादोरच्या नावावर तोवर फ्रान्सची टूर, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या तीन आठवड्यांच्या तिन्ही शर्यती, म्हणजे ग्रँड टूर, होत्या. तरी दोन्ही वर्षी शेवटच्या दिवशी नीसच्या मागच्या डोंगरांत तो सगळं पणाला लावून सुटला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत एखादा वाईट दिवस पुढच्या डोंगरांत भरून काढता येतो. इथे सात-आठ दिवसांत तो भरून निघत नाही. सपाट रस्त्यावर आडवा वारा सुटला आणि तुम्ही मागच्या तुकडीत अडकलात की शर्यत तिथेच संपली. टप्प्याच्या शेवटी पहिल्या काही जणांच्या एकूण वेळेतून वजा होणाऱ्या बोनस सेकंदांवर अख्खी शर्यत फिरते. म्हणून मला ही कसोटी ग्रँड टूरची धाकटी बहीण वाटत नाही. हा वेगळाच खेळ आहे आणि त्याला वेगळा माणूस लागतो.

तो वेगळा माणूस म्हणजे केली. १९८२ ते १९८८, सलग सात पॅरिस–नीस. 'घोकून' हा तुमचा शब्द मला मान्य नाही, कारण या शर्यतीचा मार्ग दरवर्षी बदलतो. शेवट मात्र त्या काळात ठरलेला असे: नीसहून वर चढणाऱ्या कोल देझ घाटातली टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा. आता विचार करा, केली मूळचा स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवरच्या शेवटच्या वेगवान झेपेचा गडी, टूरमध्ये गुणांसाठी मिळणारी हिरवी जर्सी चार वेळा जिंकलेला. अशा माणसाने चढावरच्या टाइम ट्रायलमध्ये आघाडीची जर्सी राखायची, तीही सात मार्च ओळीने! सात वर्षांत एकदाही सर्दीताप नाही, आडव्या वाऱ्यात चुकलेली एक जागा नाही, महागात पडलेलं एक वळण नाही. मला हे सातत्य कुठल्याही एका पराक्रमापेक्षा मोठं वाटतं.

आणि केली म्हणजे फक्त पॅरिस–नीस नव्हे. बास्क प्रांताची शर्यत तीनदा, कातालुन्या दोनदा, टूर द स्विस दोनदा. युरोपातल्या सात मोठ्या साप्ताहिक शर्यती धरल्या (या चार आणि तिरेनो–आद्रियातिको, रोमांदी, दोफिने) तर त्याचे विजय १४ होतात. रोग्लिचचे ११. त्या काळी कातालुन्या सप्टेंबरात व्हायची, म्हणजे १९८४ मध्ये केलीने मार्चात पॅरिस–नीस, एप्रिलमध्ये बास्क आणि हंगामाच्या शेवटी कातालुन्या जिंकली. मध्ये पॅरिस–रूबे आणि लिएज–बास्तोन–लिएज या एकदिवसीय मोठ्या शर्यतीही त्याच्याच. प्रतिस्पर्धी कमकुवत होते म्हणाल, तर त्या वर्षीच्या पॅरिस–नीसमध्ये दुसरा स्टीफन रोश होता आणि तिसरा बर्नार इनो.

एक गोष्ट मात्र मी मूळ लेखात लिहायला हवी होती. १९८७ ची पॅरिस–नीस केलीला नशिबाने दिली. शेवटच्या दिवशी आघाडी रोशकडे होती, त्याचं चाक पंक्चर झालं आणि शर्यत केलीकडे आली. नेमकं याच्या उलट रोग्लिचचं झालं. २०२१ च्या पॅरिस–नीसमध्ये तो शेवटच्या सकाळी ५२ सेकंदांनी पुढे होता, तीन टप्पे जिंकलेले होते, आणि त्या दिवशी तो दोनदा पडला. फाटलेल्या कपड्यांत एकटा पाठलाग करताना तो दिसला तेव्हा मला टीव्हीसमोर बसवत नव्हतं. पुढच्या वर्षी संघातला सहकारी वाऊट फान आर्टने त्याला शेवटच्या चढावर अक्षरशः ओढत नेलं आणि ती शर्यत अखेर त्याची झाली.

रोग्लिचबद्दल तुम्ही लिहिलेलं जवळजवळ सगळं मला मान्य आहे. २०१९ ची तिरेनो त्याने शेवटच्या छोट्याशा टाइम ट्रायलमध्ये ॲडम येट्सकडून एका सेकंदाने काढून घेतली. २०२१ मध्ये बास्क शर्यतीत त्याच्या मागे दुसरा योनास विंगेगार्ड आणि तिसरा तादेय पोगाचार होता. एवढ्या तोलाचा पोडियम केलीच्याही वाट्याला क्वचितच आला असेल. विविधतेच्या निकषावर तो केलीच्या पुढे आहे, हे मी आता स्पष्ट लिहितो. तरी सहा विरुद्ध चार या फरकापेक्षा चौदा विरुद्ध अकरा आणि ती सलग सात वर्षं माझ्या तराजूत जड भरतात.

मर्क्सबद्दल थोडक्यात सांगतो. तो सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ सायकलपटू आहे, यावर आपला वाद नाही. पण इथे मोजायचं आहे ते फक्त या शर्यतींमधलं. तिथे त्याच्या तीन पॅरिस–नीस आणि रोमांदी, कातालुन्या, दोफिने, टूर द स्विस प्रत्येकी एक, असे सात विजय होतात. जाक आंकेतीलचे त्याहून जास्त, नऊ. म्हणून माझा तिसरा आंकेतील. १९७२ मध्ये मर्क्सने सलग चौथी पॅरिस–नीस जिंकली असती तर कदाचित वेगळं लिहिलं असतं. पण कोल देझवर ३५ वर्षांच्या रेमों पुलिदोरने ती त्याच्याकडून ६ सेकंदांनी हिसकावली. त्या शर्यतीत मर्क्स आधी पडून जखमी झाला होता, हेही खरं.

रोग्लिचच्या यादीत आता फक्त टूर द स्विस राहिली आहे. सातही शर्यती आजवर कोणी जिंकलेल्या नाहीत. त्याने ती जिंकली, तर त्याच संध्याकाळी मूळ लेख उघडून त्याचं नाव केलीच्या वर नेईन आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करेन.