‘आरपार’ या शब्दापुरती माफी, बाकी वाद चालू

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं अर्धं पटलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जनने घालायच्या नव्या चष्म्यावर मी ‘आरपार पाहणारा चष्मा’ हा लेख लिहिला होता, त्यावर सरांचं म्हणणं असं: हाडाच्या आत बघणारा चष्मा जगात नाही, तीस वर्षं हाताच्या अंदाजाने मणक्यात स्क्रू बसवणाऱ्याला असल्या व्हिडिओ गेमची गरज नाही, ऐन वेळी बॅटरी संपली तर काय, आणि सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं फिरतं यंत्र) चालवणाऱ्याने, म्हणजे मी, सर्जरीवर लिहू नये.

‘आरपार’ हा शब्द माझा, चूकही माझीच. चष्म्याला हाडातलं काहीही दिसत नाही. पेशंटचा सीटी आधी किंवा टेबलावरच काढतात. मणक्याच्या मागच्या काट्याला खुणा असलेला क्लॅम्प लावतात. चष्म्यावरचा कॅमेरा त्या खुणा आणि हत्यारावरच्या खुणा पकडतो आणि सीटीचं चित्र पाठीवर नेमकं बसल्यासारखं दाखवतो. म्हणजे सर्जन बघतो तो मघाशी काढलेला फोटोच, फक्त जागेवर ठेवलेला. हे लेखात यायला हवं होतं.

व्हिडिओ गेम मात्र म्हणू नका. डिसेंबर २०१७मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यीत थॉमस ग्रेगरी यांनी असा हेडसेट घालून खांद्याचा सांधा बदलला. जून २०२०मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये टिमोथी विथम यांनी मणक्याच्या फ्यूजनमध्ये, म्हणजे मणके एकमेकांना जोडायच्या ऑपरेशनमध्ये, सहा स्क्रू बसवले. दोघंही काल पास झालेले नव्हते. छातीच्या मधल्या मणक्यांत पेडिकल, म्हणजे स्क्रू जातो तो हाडाचा अरुंद पूल, जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद, आणि आतल्या बाजूला लगेच मज्जारज्जू. तिथे प्रोब (वाट चाचपायची सळई) भुसभुशीत हाडातून चाललाय की कडक भिंतीला अडलाय, हे तुमच्या हातालाच कळणार. ते काम चष्मा करत नाही. तो वाचवतो ती मान. साध्या नेव्हिगेशनमध्ये, म्हणजे हेच सीटीचं चित्र चष्म्याऐवजी स्क्रीनवर बघताना, स्क्रीन टेबलाच्या पायथ्याशी, हात पाठीवर आणि डोळे तिसरीकडे. तासन् तास तशी मान वळवून उभे असलेले सर्जन मी पाहिलेत. शेवटी शेवटी ते स्क्रीनकडे बघायचा कंटाळा करतात आणि मला म्हणतात, “एक शॉट मार रे.”

आता बॅटरी. बॅटरी संपली तर सगळ्या ओटीला कळतं. चष्मा काढायचा, कोपऱ्यातला सी-आर्म ओढायचा, पुढचं काम चालू. सर, तुम्ही हल्ला केलात तो भक्कम दरवाजावर; मागची खिडकी उघडीच आहे.

खरी भीती आहे ती क्लॅम्प हलण्याची. कोणाचं कोपर लागलं, कापड ओढलं गेलं, तर चित्र तितकंच सुबक दिसत राहतं आणि ३ मिलिमीटर बाजूला सरकलेलं असतं. अलार्म वाजेलच असं नाही. म्हणून अधूनमधून प्रोबचं टोक ओळखीच्या हाडावर टेकवायचं आणि चित्रातही ते तिथेच टेकलंय का ते बघायचं. ही सवय सुटली की चष्मा घातकच.

दुसरी गोष्ट नजरेची. मृतदेहांवर नाकातून करायच्या एंडोस्कोपीचा टोरांटोतला एक प्रयोग २०१३मध्ये छापून आला. ऑगमेंटेड रिॲलिटी (समोरच्या दृश्यावरच कॉम्प्युटरचं चित्र बसवणं) वापरणाऱ्या सर्जनांचा नेम जास्त अचूक लागला, पण समोर मुद्दाम ठेवलेली वेगळी वस्तू त्यांच्यातल्या कमी जणांना दिसली. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, तुम्ही वापरला नाहीत म्हणून मीच देतो. शिवाय होलोलेन्ससारख्या हेडसेटमध्ये चित्र साधारण २ मीटरवर फोकस होतं आणि काम असतं हातभर अंतरावर. दोन्ही एकदम स्पष्ट दिसणं डोळ्याला जड जातं. आणि तो हेडसेट मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये बनवणंच थांबवलं. उद्या आपल्याकडच्या एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलने कर्ज काढून असलं काही घेतलं आणि कंपनीने हात वर केले, तर? बॅटरीपेक्षा हा प्रश्न मोठा.

राहिला सी-आर्मवाला. साध्या नेव्हिगेशनची केस होती, कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. लॅटरल, म्हणजे बाजूने एक्स-रे, घ्यायला मी सी-आर्म फिरवला आणि त्याचं कव्हर क्लॅम्पला घासलं. अगदी हलकं. सगळ्यांचं लक्ष स्क्रीनवर, स्क्रीनवर सगळं आलबेल. शिव्या खाणार हे माहीत असून मी बोललो. सर्जनने प्रोब काट्यावर टेकवला. स्क्रीनवर तो हाडाच्या बाहेर हवेत दिसत होता. सगळं रजिस्ट्रेशन, म्हणजे चित्र आणि पाठ जुळवणं, पुन्हा, पाऊण तास गेला, शिव्याही मिळाल्या. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं, कारण चूक माझी होती.

लेखाचा मथळा आज रात्री बदलतो. नवीन सुचवलात तर तुमचाच घालेन.