गाडीतलं घड्याळ ड्रायव्हरच्या सीटवरून वाचता आलं पाहिजे

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एखाद्या घड्याळाचे काटे बदलले की ते मला हाक मारायचे. घड्याळ हातभर अंतरावर धरायचे, लगेच पालथं करायचे आणि विचारायचे, "किती वाजले?" मी अडखळले की ते काटे पुन्हा उतरायचे. मूळ काट्यांपेक्षा ते दिसायला कितीही देखणे असोत, बाबांचं म्हणणं ठरलेलं असायचं: मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नसेल तर तो काटा त्या घड्याळाचा नव्हे.

हे सगळं गेल्या डिसेंबरात आठवलं. मावसभावाला घ्यायला मुंबई विमानतळावर गेले होते. परत येताना तो थकून झोपला आणि त्याची नवी, भारी गाडी मी चालवत होते. डॅशबोर्डच्या मधोमध काट्यांचं सुरेख घड्याळ: चंदेरी तबकडी, चकचकीत काटे, आकडे नाहीत. आईचा फोन आला, स्पीकरवर घेतला. घड्याळाकडे बघून म्हणाले, "आत्ता एक वाजून दहा झालेत, अडीचपर्यंत येतो." आई गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, दोन वाजून गेले. तुला झोप येतेय का? गाडी बाजूला घे बरं आधी."

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. दोन्ही काटे जवळपास एकाच लांबीचे आणि एकाच जाडीचे. एक दोनवर, एक एकवर. कुठला तासाचा आणि कुठला मिनिटाचा हे ओळखायला तिथे काहीच नव्हतं. मला झोप आलेली नव्हती. पण आई त्या रात्री आम्ही पोचेपर्यंत डोळ्याला डोळा न लावता बसली, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

एरवी आपण हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर धरून बघतो, हवं तर पुन्हा बघतो. गाडीत तसं नसतं. ताशी १०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत रस्त्यावरून नजर हटली तर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त हटू नये, असं धरलंय. म्हणजे ५६ मीटर. तेवढ्यात घड्याळ कळलं नाही तर दुसऱ्यांदा बघावं लागतं, आणि ते दुसऱ्यांदा बघणंच मला नको आहे.

त्यात हे घड्याळ ड्रायव्हरच्या समोर नसतंच. दोन्ही सीटांच्या मध्ये असतं, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर ते उजवीकडून, तिरक्या नजरेने बघतो. काटे तबकडीच्या थोडे वर असतात. उजवीकडून पाहिलं की काट्याचं टोक तबकडीवर डावीकडे सरकल्यासारखं दिसतं. म्हणून मिनिटकाटा बारावर असला की एखादं मिनिट कमी वाटतं आणि सहावर असला की जास्त. तीनवर आणि नऊवर हा फरक जवळपास पडत नाही. तबकडी जितकी खोल आणि भोवतीचं कडं जितकं उंच, तितकी गडबड जास्त. शोरूममध्ये आपण वाकून, अगदी समोरून ते घड्याळ बघतो आणि "वा!" म्हणतो, तिथेच फसतो.

वाचायची चूक केवढ्याला पडते हे घड्याळ बनवणाऱ्यांना केव्हाचं कळलेलं आहे. स्वित्झर्लंडच्या हॉयर कंपनीने १९३३ मध्ये 'ऑटाव्हिया' नावाचं डॅशबोर्डवरचं टायमर काढलं होतं. ऑटोमोबाइल आणि एव्हिएशन या दोन शब्दांवरून ते नाव. १९५८ मध्ये त्याच घराण्यातले जॅक हॉयर एका मोटार रॅलीत नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरला वाट आणि वेळ सांगणारा, म्हणून बसले असताना त्यांनी स्वतःच्याच कंपनीचं ते टायमर एका मिनिटाने चुकीचं वाचलं आणि पहिला नंबर हुकला. त्यावर त्यांनी काय केलं? टायमर बदललं. नव्या 'मॉन्टे कार्लो'मध्ये तास काट्याने न दाखवता छोट्या खिडकीत आकड्याने दाखवले. चूक बघणाऱ्यावर न ढकलता तबकडीवर घेतली, म्हणून मला हा माणूस फार आवडतो.

चांगली तबकडी कशी असते, हे शोधायला लांब जायलाच नको. हान्स हिलफिकर यांनी १९४४ मध्ये स्विस रेल्वेसाठी केलेल्या घड्याळातही आकडे नाहीत, तरी फलाटाच्या टोकावरून ते वाचता येतं. पांढऱ्यावर काळ्या ठसठशीत पट्ट्या, तासाचा काटा आखूड आणि जाड, मिनिटाचा लांब. तेव्हा दोष आकडे काढण्यात नाही. आकडे काढल्यावर बाकी सगळं ठळक ठेवावं लागतं, ते न ठेवण्यात आहे. सत्तरच्या दशकातल्या, डब्ल्यू १२३ मॉडेलच्या ज्या मर्सिडीजना टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, नसायचा, त्यांच्यात त्या जागी, थेट ड्रायव्हरसमोर, भलंमोठं घड्याळ असायचं. साधं, काळ्या तबकडीचं. माझ्या मते गाडीतलं इतकं शहाणं घड्याळ त्यानंतर फारसं झालेलं नाही.

रोल्स-रॉइसची १९५८ची ती जाहिरात पुष्कळांना माहीत असेल: ताशी साठ मैल वेगातही गाडीत सगळ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा. प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वींची. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांतल्या घड्याळांचा आवाज मी ऐकलाय, कारण ती बाबांकडे दुरुस्तीला यायची. आत स्प्रिंग असते, ती उतरली की संपर्क जुळतो, चुंबक ओढतं, खट् करून पुन्हा चावी बसते. दर मिनिट-दोन मिनिटांनी. बॅटरी कमजोर झाली की संपर्क जुळलेलाच राहतो आणि जळतो. बाबा ते टोक बारीक कानशीने घासून द्यायचे.

आणि अलीकडे बेंटलीच्या बेंटायगा गाडीत ब्राइटलिंग या घड्याळ कंपनीचं टूर्बियाँ घड्याळ घेता येत होतं. सोन्याचं, तबकडीवर आठ हिऱ्यांच्या खुणा, गाडीच घड्याळाला फिरवून चावी देणार. त्याची मला चीड नाही. टूर्बियाँ म्हणजे घड्याळाची चाल राखणारा भाग सतत गोल फिरवणारी रचना. तिचं पेटंट १८०१ मध्ये घड्याळजी ब्रेगे यांनी घेतलं, मुळात खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळांसाठी, आणि डॅशबोर्डवरचं घड्याळही उभंच असतं. ती कारागिरी बघायला मला आवडेल. फक्त बारा तासांना आठ खुणा आणि पन्नाशीतले डोळे, हे जमत नाही.

म्हणून काटे काढून टाकावेत असं मी म्हणत नाही. मर्सिडीजच्या २०२०च्या एस-क्लासमधून ते गेलेच. मासेरातीच्या ग्रेकाले गाडीत त्या जागी गोल पडदा आला. मला याचं वाईट वाटतं. अचूक वेळ आकड्यांत लवकर कळते हे खरं, पण "गाडी सुटायला किती वेळ उरला" हे काट्यांमधल्या अंतरावरून दिसतं, वजाबाकी करावी लागत नाही. काटे हवेतच. न चमकणारे, वेगवेगळ्या लांबीचे, रेघांपर्यंत पोचणारे, आणि तबकडी ड्रायव्हरकडे जराशी कललेली.

तुमच्यापैकी कोणाच्या गाडीत काट्यांचं घड्याळ असेल तर त्याचा फोटो खाली टाका. गाडी थांबवून, पण ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखं बसून काढलेला. घड्याळाच्या समोर वाकून काढलेला नको.