रिव्ह्यूला उत्तर: पायाजवळची जमीन मुद्दाम स्पष्ट ठेवली आहे

नमस्कार. फोटोतला मागचा भाग ब्लर (धूसर) करायचं साधं काम, फोनमधलं अ‍ॅप ते क्षणात करतं, तरी आम्ही वेळ लावला. शिवाय पायाजवळची जमीन ब्लर झालीच नाही आणि मागे दाणे दिसतात, असं तुम्ही लिहिलंत. रिव्ह्यू सगळ्यांना दिसतो, म्हणून उत्तरही इथेच देतो.

आधी जमीन, कारण जास्त वेळ तिनेच घेतला. तुमचा फोटो पायापर्यंतचा आहे. लेन्सला माणूस कोणता आणि मागचं काय हे कळत नाही, तिला फक्त अंतर कळतं. फोकस ज्या अंतरावर आहे, तिथलं सगळं स्पष्ट येतं. तुमच्या बुटांखालची जमीन तुमच्याइतक्याच अंतरावर आहे, त्यामुळे ती स्पष्टच दिसायला हवी. तिथून मागे जाताना ब्लर हळूहळू वाढतो. त्यासाठी मास्कला, म्हणजे कुठे किती ब्लर लागेल ते ठरवणाऱ्या थराला, ग्रेडियंट (हळूहळू होणारा बदल) दिला आहे. जमीन सरसकट ब्लर केली की पुठ्ठ्याचा कटआउट उभा केल्यासारखा माणूस अधांतरी दिसतो.

आता तुम्हीच जोडलेला अ‍ॅपचा नमुना मोठा करून पाहा. चष्म्याची काडी झाडांत विरघळली आहे, कोपर आणि कमरेमधल्या फटीतून मागची भिंत लख्ख दिसते आहे, आणि खांद्याभोवती ड्रेसचा लाल रंग पसरला आहे. माणूस जागेवर असतानाच मागचा लेयर (फोटोचा थर) ब्लर केला की कपड्यांचा रंग असा बाहेर झिरपतो. आम्ही त्या लेयरमधून आधी माणूस काढतो, रिकामी जागा आजूबाजूच्या पिक्सेलवरून भरतो आणि मग ब्लर लावतो. केसांची कड हातानेच केली आहे. ऑटो सिलेक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप कड निवडणं, आता पुष्कळ सुधारलं आहे, हे मान्य. पण भुरभुरणाऱ्या बटांच्या बाबतीत माझा अजून त्याच्यावर भरवसा नाही.

मागच्या दिव्यांच्या गोल चकत्या तुम्हाला आवडल्या, त्याही लेन्स ब्लरमुळेच, म्हणजे खऱ्या लेन्ससारखा ब्लर देणाऱ्या फिल्टरमुळेच, आल्या. साध्या गॉशियन ब्लरमध्ये (नुसतं पुसट करणाऱ्या फिल्टरमध्ये) त्याच दिव्यांचे फिके डाग झाले असते.

दाण्यांचं म्हणाल, तर तेही आम्हीच घातले आहेत. फोटो कमी उजेडातला, चेहऱ्यावर नॉइज (बारीक दाणे) आहे. ब्लर केल्यावर मागचा नॉइज पुसला जातो, आणि दाणेदार चेहरा गुळगुळीत पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखा वाटतो. म्हणून मागे थोडा ग्रेन, म्हणजे तसेच दाणे, परत दिला.

ग्रेन वेगळ्या लेयरवर आहे, नको असेल तर काढून देतो. जमीनही पूर्ण ब्लर हवी असेल तर मास्क बदलून दुसरी फाइल पाठवतो, जादा पैसे लागणार नाहीत. ऑर्डरच्या मेसेजवर तेवढं कळवा. मात्र त्या फाइलमध्ये बुटांखालची सावलीही ब्लर होईल. ती ठेवायची की नाही, तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.