नऊने भाग जातोय

हिशोब तपासणाऱ्या सरांच्या जुन्या ऑफिसात आम्ही सात माणसं होतो आणि कपाटं अकरा. मान कपाटांना जास्त होता, कारण कपाटं नोकरी सोडून जात नसत.

तिथं माझं पद काय होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी एकाच्या बँकेचा ताळमेळ, दुपारी दुसऱ्याचं पगारपत्रक, संध्याकाळी तिसऱ्याचा घसारा, आणि मधल्या वेळात प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणं. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं जमे. पण एकेका क्लायंटचा अख्खा संसार आम्हाला पाठ असायचा. गाडीच्या दुरुस्तीचा खर्च एकदम वाढला, की मुलगा गाडी चालवायला शिकतोय हे सरांना आधी कळायचं आणि त्याच्या आईला नंतर.

सरांचा नियम एकच: ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा, जुळल्याशिवाय उठायचं नाही. ते त्याला अजून 'तेरीज' म्हणत. फरक राहिला, की आधी त्याला दोनने भागायचं आणि तेवढी रक्कम नावेऐवजी जमेला पडलीय का ते बघायचं. नाही सापडली तर नऊने. नऊने पूर्ण भाग गेला, की शेजारशेजारच्या अंकांची अदलाबदल झाली असण्याचा दाट संशय. ५४ चे ४५ झाले, ७२ चे २७ झाले, फरक नेहमी नऊच्याच पाढ्यातला. सर फरक नुसता ऐकत, डोळे मिटत आणि म्हणत, "जातोय भाग. शोधा." मग आम्ही रात्री साडेनऊपर्यंत शोधत असू. फरक असायचा नव्वदचा.

मोठ्या ऑडिट फर्मचं नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी घाबरतच सांगायला गेले. सर म्हणाले, "जा. तिथं शिस्त असते." मग थोडं थांबून, "कपाटांच्या किल्ल्या तेवढ्या ठेवून जा."

मोठ्या फर्ममध्ये पहिला आठवडाभर मला कोणी कामच दिलं नाही. आधी शपथेवर लिहून द्यायचं होतं, की माझ्या, नवऱ्याच्या आणि आमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या नावावर फर्मच्या कोणत्याही ऑडिट-क्लायंटचे शेअर नाहीत. ऑडिटरने तटस्थ असावं म्हणून हा फॉर्म. माझी तटस्थता पहिल्यापासूनच संपूर्ण होती. गुंतवणुकीच्या बावीस रकान्यांत 'नाही' लिहिता लिहिता मला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं, आणि पंधराव्या रकान्यानंतर कीव.

मग कागदपत्रांचं प्रशिक्षण. अहवालावर सही झाल्यापासून साठ दिवसांत फाइल नीट लावून बंद करायची, त्यानंतर त्यातलं काही काढून टाकायचं नाही. सांगणाऱ्या बाईंनी अर्थातच आर्थर अँडरसन या बड्या ऑडिट फर्मची गोष्ट सांगितली. एन्रॉन या क्लायंटची कागदपत्रं फाडल्याचं प्रकरण, २००२ साली दोषी ठरलेली फर्म, आणि जगातल्या पाचाच्या चार उरलेल्या मोठ्या ऑडिट फर्म. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण तोवर आनंद मानायला फर्ममध्ये फारसं कोणी शिल्लक नव्हतं. सगळे गंभीर झाले. मला आमची अकरा कपाटं आठवली. सरांनी आयुष्यात कागद फाडलेला नाही. क्लायंटने चुकून दिलेलं मुलाचं प्रगतिपुस्तकसुद्धा तिथं व्हाउचर म्हणून फाइल केलेलं आहे.

खरी पंचाईत झाली ती हाका मारण्याची. इथं सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने आणि 'अरे-तुरे' करतात. पार्टनरलासुद्धा. माझ्या वडिलांच्या वयाच्या पार्टनरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला सर म्हणायचं नाही हं." आता 'तू' म्हणायला जीभ रेटेना आणि 'तुम्ही' म्हणायला बंदी. मग मी मराठीतल्या कर्त्यालाच रजा दिली. "फाइल बघून झाली का?" "उद्या येणं होईल का?" "सही कधीपर्यंत होईल?" तीन महिने मी त्यांच्याशी ऑडिट रिपोर्टच्या भाषेत बोलत होते. वार्षिक मूल्यमापनात त्यांनी लिहिलं, की हिची भाषा अत्यंत व्यावसायिक आहे.

आणि काम? मला मिळाले 'आगाऊ दिलेले खर्च'. अख्खी कंपनी नव्हे, तिच्या ताळेबंदातली ती एक ओळ. रोख बघणारा वेगळा, साठा बघणारी वेगळी, येणी बघणारे दोघं. कंपनी नेमकं काय बनवते हे मला तिसऱ्या आठवड्यात लिफ्टमध्ये कळलं, तेही दुसऱ्या दोघांच्या बोलण्यातून. जुन्या ऑफिसात मी हत्तीचा डॉक्टर, माहूत आणि चारा घालणारी, सगळं होते. इथं माझ्या वाट्याला डाव्या कानामागची जागा आली होती, आणि त्या जागेवर मला चौतीस पानी कार्यपत्र लिहायचं होतं.

पण त्या जागेत मला एक दिवस सापडलं! विम्याच्या हप्त्याचं बिल ४,८५,००० चं, खात्यात नोंद ४,५८,००० ची. फरक सत्तावीस हजार. मी डोळे मिटले. जातोय भाग! धावतच सिनिअरकडे गेले. सिनिअर माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं माझ्याहून थोर. त्याने मान वर न करता विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. "पास."

"अरे, पण चूक आहे. अंकांची अदलाबदल झालीय."

त्याने मला समजावलं. कंपनीचा करपूर्व नफा दोनशे कोटी. त्याच्या पाच टक्के, म्हणजे दहा कोटी, ही चुका मोठ्या मानायची आपली मर्यादा, म्हणजे 'मटेरिअ‍ॅलिटी'. त्या दहा कोटींच्या पाच टक्के, म्हणजे पन्नास लाख, याच्या खालचं सगळं 'क्लिअरली ट्रिव्हियल', सोडून देण्याइतकं क्षुल्लक. हिशोब मला कळला, पटलासुद्धा. एवढ्या मोठ्या कंपनीत नव्वदचे फरक शोधत बसलो तर अहवाल नातवंडं वाचतील. पण सत्तावीस हजारांची चूक डोळ्यांदेखत तशीच सोडून जागेवर येताना मला रस्त्यात कण्हणारा माणूस ओलांडून आल्यासारखं वाटलं.

तरी हे सगळं परवडलं. मला मोडलं ते टाइमशीटने.

इथं तास दहा भागांत कापलेला असतो. सहा मिनिटं म्हणजे ०.१. प्रत्येक तुकड्याला क्लायंटचा कोड आणि त्याखाली कामाचा कोड. प्रशिक्षणाला कोड आहे, प्रवासाला आहे, आजारपणाला आहे. ज्या वेळाचे पैसे कोणाकडूनच वसूल होणार नाहीत त्यालाही एक कोड आहे, पण तो वापरला की मॅनेजर फार प्रेमाने चौकशी करतो. लिफ्टची वाट पाहण्याला कोड नाही. कोड शोधण्यालाही नाही. १४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापून ठेवली तेव्हापासून नावे आहे तिथं जमा असतेच. माझ्या टाइमशीटला मात्र एकच बाजू, नावे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावत्या मागितल्या, आता स्वतःच्या मंगळवार दुपारची पावती कुठून आणू?

शुक्रवारी सहाच्या आत ते भरलं नाही तर आधी मला ईमेल येतं, मग मॅनेजरला, मग पार्टनरना. गेल्या शुक्रवारी साडेपाचला मी बेरीज मारली. ३९.१. हवे होते ४०. सोमवारपासून पुन्हा मोजलं, ३९.१. शेजारचा म्हणाला, "कुठंतरी टाकून दे ना ०.९." टाकून दे! म्हणजे न जुळणारा फरक ढकलून द्यायचं सस्पेन्स खातं! सर असते तर याला त्यांनी प्रिंटरपाशी बसवला असता.

आणि मग एकदम लख्ख झालं. ०.९. मी डोळे मिटले.

बुधवार. आगाऊ खर्चांची तपासणी. डायरीत २.१ तास, टाइमशीटवर १.२.

४०.०! मी उभी राहून इकडेतिकडे पाहिलं. मजल्यावर दोनशे माणसं, सगळी हिशोबनीस, आणि जाऊन सांगावं असं एकही नाही. मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला.

"फरक किती होता?" त्यांनी कशी आहेस हेही न विचारता विचारलं.

"शून्य पूर्णांक नऊ."

पलीकडे शांतता. डोळे मिटले असणार. "जातोय," सर म्हणाले. "कोणाच्या खात्यात?"

"माझ्याच."

त्यांना इतकं हसू आलं, की फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला. मग सातव्या कपाटाची किल्ली कोणती ते त्यांनी विचारून घेतलं. मी गेल्यापासून ते उघडलंच नव्हतं. जागेवर परत आले तेव्हा सहाला दोन मिनिटं होती आणि बारा मिनिटं फोनवर गेली होती. म्हणजे ०.२. बेरीज आता ४०.२, आणि कोडची यादी मी अजून खाली सरकवतेच आहे.