तांब्याला भाव आहे, विषाला नाही

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली उतरलेला जुना टीव्ही भंगारवाल्याकडे गेला की आपल्या दृष्टीने विषय संपतो. ई-कचऱ्यावर चर्चा निघाली की हमखास ऐकू येते, ‘लोकांमध्ये जागृती नाही’. मला हे निदान पटत नाही. लोकांना पुरेसे समजते आणि भंगारवाल्याला तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त समजते. पण दोघेही भाव बघून वागतात, आणि भाव फक्त धातूला मिळतो. जे विषारी आहे ते सुरक्षितपणे नष्ट करण्यासाठी या साखळीत कोणालाच पैसे मिळत नाहीत, आणि माझ्या मते दुखण्याचे मूळ तिथे आहे.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचेच उदाहरण घेऊ. त्यात विकण्यासारखे काय असते? नळीच्या मानेभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, सर्किट बोर्ड आणि थोडेफार लोखंड-ॲल्युमिनियम. हे काढून घेतले की उरते ती सर्वांत जड वस्तू, म्हणजे काचेची नळी. टीव्ही चालू असताना आत तयार होणारे क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून तिच्या नसराळ्यासारख्या मागच्या भागाच्या काचेत शिसे मिसळलेले असते, आणि त्याचे प्रमाण त्या काचेच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश इतके मोठे असते. पूर्वी ही काच वितळवून नव्या नळ्यांसाठी वापरली जाई. सपाट पडदे आले, नळ्यांचे उत्पादन थांबले आणि या काचेला गिऱ्हाईकच उरले नाही. साहजिकच ती फोडून ओढ्याच्या काठी, मोकळ्या प्लॉटवर किंवा कचरा डेपोत टाकली जाते आणि तिच्यातले शिसे हळूहळू माती-पाण्यात उतरते. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि सुरक्षित म्हणता येईल अशी त्याची कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते.

इतर वस्तूंची गोष्ट फारशी वेगळी नाही. वायरवरचे प्लॅस्टिक सोलत बसण्यापेक्षा ती जाळणे सोपे, म्हणून ती जाळली जाते आणि धुरातून डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन पसरते. बोर्डावरचे सोने आम्लात विरघळवून काढतात आणि उरलेले आम्ल गटारात जाते. फ्रिजचा कॉम्प्रेसर काढताना नळी कापली जाते, तेव्हा आतला वायू हवेत सुटतो. दिल्लीतल्या सीलमपूरमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये हे वर्षानुवर्षे चालले आहे. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी साचलेल्या काळ्या राखेचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी इथल्या लहान गाळ्यांत जुनी यंत्रे सुटी करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. हातमोजे आणि मास्कशिवाय ते जे काम करतात, त्याची किंमत त्यांची स्वतःची फुप्फुसे आधी चुकवतात.

२०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे कायदा नाही असे मात्र नाही. २०११, २०१६ आणि २०२२ अशी तीनदा नियमावली आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ताज्या नियमांनुसार उत्पादकाला, म्हणजे वस्तू आपल्या नावाने विकणाऱ्या कंपनीला, तिने पूर्वी विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्श्याइतक्या पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडून विकत घ्यावी लागतात. हा हिस्सा सुरुवातीला ६० टक्के होता, तो टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांवर जाणार आहे. कल्पना उत्तम आहे आणि तिचे मी स्वागतच करतो. परंतु ही प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशोबाने. म्हणजे कायद्यानेही नेमके तेच मोजायचे ठरवले, ज्याला भंगारबाजारात आधीपासूनच भाव होता! शिसेयुक्त काच, ज्वलनरोधक रसायने मिसळलेले प्लॅस्टिक, जुन्या एलसीडी पडद्यामागच्या बारीक दिव्यांतला पारा यांची नीट विल्हेवाट लावणाऱ्या प्रामाणिक कारखान्याला त्या कामाचे प्रमाणपत्र मिळत नाही, खर्च मात्र पूर्ण करावा लागतो. जो ते टाळतो, तो स्वस्तात काम करतो आणि स्पर्धेत जिंकतो.

सरकारने घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेसाठी किलोमागे किमान २२ रुपये दर ठरवला, तेव्हा खर्च वाढल्याची तक्रार घेऊन काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हजारो रुपयांचा टीव्ही विकणाऱ्याला त्याच्या अंत्यविधीचे किलोमागे बावीस रुपये जड वाटावेत, हे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी उणीव गोळा करण्याच्या टप्प्यावर आहे. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रे आणि यंत्रे सुटी करणारे यांना स्वतंत्र स्थान होते. नव्या नियमांत नोंदणी उरली ती निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून विकणारा आणि पुनर्प्रक्रियाकार या चौघांची. दारोदार फिरणारा माणूस कागदावरून गायबच झाला. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करते. अशा संस्थांना अधिकृत संकलक मानून किलोमागे मेहनताना उत्पादकाकडून थेट दिला, तर भंगारवाल्याइतका भाव ग्राहकालाही देता येईल. घरातली वस्तू फुकट द्या आणि वर शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतः नेऊनही द्या, ही अपेक्षा मध्यमवर्गीय घराकडूनसुद्धा फार दिवस पूर्ण होणार नाही.

म्हणून प्रमाणपत्रांच्या यादीत चार धातूंबरोबर शिसेयुक्त काच, प्लॅस्टिक आणि पारा यांच्या सुरक्षित विल्हेवाटीचा समावेश व्हावा, आणि त्याचा दर उत्पादकाने भरावा, अशी माझी मागणी आहे. तोपर्यंत ज्या सोसायट्या ई-कचरा संकलनाचे शिबिर भरवतात, त्यांच्या पदाधिकाऱ्यांनी कचरा नेणाऱ्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासावी आणि त्याच्याकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: तांबे काढून झाल्यावर उरलेली काच आणि प्लॅस्टिक तो नेमके कुठे पाठवतो. उत्तर देता आले नाही, तर कचरा त्याला देऊ नये.